होडीवाल्याची आई

गाडीवाल्या बाईंनी त्यांच्या गावातल्या निम्म्या लोकांना गाडी शिकवली होती. उरलेले निम्मे, त्या म्हणायच्या, पायी चालतात म्हणून वाचले. त्यांच्या शिकाऊ गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाखाली एक जादा ब्रेक होता. आयुष्यभर तो दाबून दाबून पायाला अशी सवय लागली होती की दुसऱ्याच्या गाडीत बसल्या तरी समोर काही आलं की पाय आपोआप खाली रुतायचा. आवाजही तसाच खणखणीत. "क्लच दाबा काका, दाबा! चावत नाही तो!" हे वाक्य चार गल्ल्या पलीकडे ऐकू जायचं.

नवरा लवकर गेला. मुलगा एकच. लहानपणी अंगाने एवढासा होता म्हणून सगळे त्याला टिल्लू म्हणायचे. पुढे तो दारातून वाकून आत यायला लागला तरी नाव काही सुटलं नाही. टिल्लू जहाजांच्या कॉलेजात गेला, शिकला आणि पर्यटकांच्या एका बोटीवर अधिकारी झाला. ही बोट दूरच्या बेटांच्या पुंजक्यात फिरते, ती बेटं ज्वालामुखीतून वर आलेली आहेत, तिथले प्राणी माणसाला भीत नाहीत, हे सगळं बाईंनी फोनवर त्याच्याकडून ऐकलं होतं आणि शिकायला येणाऱ्यांना प्रत्येक सिग्नलला ऐकवलं होतं. "आमचा टिल्लू जहाजावर अधिकारी आहे. पांढरा शर्ट, खांद्यावर पट्ट्या." सिग्नल सुटला तरी त्यांचं संपायचं नाही. मागचे लोक हॉर्न वाजवून बेजार.

पण टिल्लू घरी यायचा जवळजवळ थांबला होता. मध्ये एकदा आला तोही उंबरा ओलांडून बाहेर पडला नाही. शेजारी भेटायला आले तर डोकं दुखतंय म्हणून आतल्या खोलीत जाऊन पडला. या वर्षी पुन्हा फोनवर तेच.

"सीझन आहे गं आई. पुढच्या वर्षी नक्की."

बाईंनी फोन ठेवला आणि क्लासच्या काउंटरवर बसणाऱ्या मुलीला म्हणाल्या, "तो येत नाही ना? मग मीच जाते."

दोन गाड्यांतली जुनी त्यांनी विकली, क्लासच्या किल्ल्या त्या मुलीच्या हातात दिल्या आणि त्याच बोटीचं तिकीट काढलं. टिल्लूला काही कळवलं नाही. एकदम समोर उभी राहीन, चेहरा कसा होतो बघू, एवढाच बेत होता.

बंदर छोटंसं होतं. काळ्या दगडांचा धक्का, त्यावर वाळत टाकलेल्या दोऱ्या, डिझेलचा आणि माशांचा वास. आत लांब पाण्यात पांढरी बोट उभी होती, आणि तिच्यापर्यंत प्रवाशांना न्यायला एक रबरी होडी ये-जा करत होती. बाई नवे बूट घालून रांगेत उभ्या होत्या. शेजारी एक दातांच्या डॉक्टरीणबाई होत्या, निवृत्त झालेल्या, एकट्याच आलेल्या, अघळपघळ बोलणाऱ्या. दोघींची केबिन एकच निघाली होती. तेवढ्या वेळात बाईंनी त्यांना सांगूनही टाकलं होतं की आमचा मुलगा जहाजावर अधिकारी आहे. कुठल्या जहाजावर ते मात्र सांगितलं नव्हतं, मजा जायला नको म्हणून. त्यांची नजर लांबच्या बोटीवर पांढरा शर्ट शोधत होती. त्यामुळे होडीत उभ्या असलेल्या माणसाकडे त्यांनी पाहिलंच नाही.

तो माणूस अनवाणी होता. अर्धी पँट, विटलेली टोपी, उन्हाने रापलेले दंड. एकेका प्रवाशाला तो आत घेत होता. "हात नको, मनगट धरा. तुम्ही माझं, मी तुमचं. म्हणजे एकाचं सुटलं तरी दुसऱ्याचं राहतं."

बाईंची पाळी आली. त्याने हात पुढे केला, वर पाहिलं, आणि हात तसाच हवेत राहिला.

टिल्लू होता.

बाईंच्या तोंडातून हाक निघणारच होती. पण त्याचे डोळे त्यांनी पाहिले. लहानपणी शेजाऱ्यांची काच फुटल्यावर व्हायचे तसे झाले होते ते. हाक त्यांनी आवरली. मागे रांग खोळंबली होती. टिल्लूने हात आणखी पुढे केला.

"मनगट धरा, मॅडम. सावकाश."

मॅडम! ज्याने जन्मात आईला अगं-तुगंशिवाय हाक मारली नव्हती, भांडतानासुद्धा तूच म्हणायचा, तो आज धरा म्हणत होता.

"धरते हं, दादा," बाई म्हणाल्या, आणि होडीत उतरल्या.

बोट लहान होती, वीसेक प्रवाशांची. खालच्या बोळात भिंतीवर सगळ्या कर्मचाऱ्यांचे फोटो लावले होते. वर कप्तान, मग अधिकारी, इंजिनवाला, स्वयंपाकी, आणि सगळ्यात खाली कोपऱ्यात टिल्लू. खाली लिहिलं होतं, होडीचालक. फोटोत तो सगळे दात काढून हसत होता. बाई त्या फोटोसमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. खोटं बोलला याचा राग यायला हवा होता, आणि तो आलाही. पण त्या हसण्याकडे त्या पुन्हापुन्हा बघत होत्या. असा हसताना त्यांनी त्याला कधीपासून बघितलं नव्हतं.

संध्याकाळी डेकवर लाइफ जॅकेटं पाण्याने धुताना त्याने त्यांना गाठलं. प्रवाशांत रेंगाळायची कर्मचाऱ्यांना मुभा नव्हती, म्हणून मान खाली घालूनच बोलला.

"आई, का आलीस गं?"

"मॅडम म्हण," बाई दातओठ खात म्हणाल्या. "कुणीतरी ऐकेल."

"आई, ऐक ना—"

"जॅकेटं धू." आणि त्या तरातरा आत निघून गेल्या.

जेवायला कप्तान प्रवाशांच्या टेबलावर बसत असे. पिकल्या मिशांचा, सावकाश बोलणारा माणूस. डॉक्टरीणबाईंनी माशाचा काटा काढता काढता त्याला सांगितलं, "यांचा मुलगा पण तुमच्यातलाच बरं का. अधिकारी आहे जहाजावर."

"अरे वा!" कप्तान खुलला. "कुठल्या?"

बाईंना इतका जोराचा ठसका लागला की डॉक्टरीणबाई पाठीवर थापट्या मारत सुटल्या. पाणी आलं, रुमाल आला, दुसऱ्या टेबलावरचे लोक उठून आले. त्या गडबडीत प्रश्न मागे पडला. पण त्या क्षणी बाईंच्या एक लक्षात आलं, की आपण ठसक्याचं नाटक टिल्लूची लाज राखायला केलं की आपली, ते आपल्यालाच नीट सांगता येणार नाही.

सकाळी पहिलं बेट. काळ्या, वेड्यावाकड्या थिजलेल्या दगडाचा किनारा, कढईत करपून राहिल्यासारखा. होडी किनाऱ्याच्या कडेकडेने चालली होती. टोपीवाली गाइड, चुणचुणीत मुलगी होती, ती पुढे उभी राहून म्हणाली, "या खडकावर समुद्रात पोहणारे सरडे आहेत. बघा बरं कुणाला दिसतायत."

सगळ्यांनी दुर्बिणी लावल्या. खडक तो खडक. काळ्यावर काळं कसं दिसणार?

मागून टिल्लूने इंजिन हळू केलं. "डावीकडच्या फटीच्या वर. सातआठ आहेत. एक शिंकतोय."

आणि खरंच, खडकाचा एक तुकडा शिंकला. नाकातून खारं पाणी फुर्रकन उडालं, आणि मग एकदम सगळा खडक हलायला लागल्यासारखा दिसला. जिथे तिथे सरडे. अंगावर अंग टाकून, डोळे मिटून, ऊन खात पडलेले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बाई गं! आमच्या वेटिंग रूममध्ये पेशंट असेच बसायचे."

पुढे खडकावर खेकडे होते. लालभडक, कुंचल्याने रंगवल्यासारखे. ते शोधायला कुणाला दुर्बीण लागली नाही. "केवढे लाल आहेत हो!" डॉक्टरीणबाई होडीवाल्याकडे वळून म्हणाल्या.

"हो हो," टिल्लू म्हणाला.

बाईंनी कान टवकारले. हा 'हो हो' त्यांच्या रोजच्या ओळखीचा होता. आरशात बघितलंत का, असं विचारलं की न बघणारे विद्यार्थी हाच 'हो हो' म्हणतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी लाव्हाच्या पठारावर लांब चालायचं होतं. बाई गाइडला म्हणाल्या, "माझा गुडघा कुरकुरतोय. मी होडीतच बसते." गुडघा चांगला ठणठणीत होता. मंडळी खडकांवरून नजरेआड झाली आणि एका शांत खाडीत, खडकाला बांधलेल्या होडीत, आई आणि मुलगा दोघंच उरले.

पाण्यात समुद्रसिंहांची, म्हणजे सी-लायनची, पिल्लं एकमेकांचे वल्ह्यासारखे पाय चावत होती. एकाने होडीच्या रबराला नाक लावून पाहिलं आणि पसंत न पडल्यासारखं निघून गेलं.

"बोल," बाई म्हणाल्या.

"काय बोलू?"

"पांढरा शर्ट कुठाय?"

टिल्लूने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "मला अधिकारी होता येत नाही, आई. मला लाल आणि हिरवा कळत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे दिसतच नाही वेगळा. दोन्ही एकसारखे, मातकट. जहाजाला एका बाजूला लाल दिवा असतो, दुसऱ्या बाजूला हिरवा. अंधारात समोरून येणारं जहाज कुठल्या बाजूला वळतंय ते त्यावरून ओळखायचं. मला ते ओळखू येत नाही. कॉलेजात घेताना घाईत तपासलं होतं, कसाबसा सुटलो. शेवटी मात्र काळोख्या खोलीत बसवून दिवे दाखवले. सगळे चुकले."

बाईंच्या डोळ्यांपुढे एकदम चौकातला सिग्नल आला. टिल्लूला गाडी शिकवायचा त्यांनी केलेला प्रयत्न. 'अरे लाल आहे लाल, डोळे आहेत का भोकं?' आणि तो गप्प बसून वरचा दिवा की खालचा, एवढंच बघत राहायचा.

"मग सांगायचं नाही?"

"सांगणारच होतो. निकाल लागला त्या दिवशी फोन केला. तू उचललास तोच 'पास झालास ना?' म्हणत. गाडीत तुझी माणसं होती, त्यांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. मी म्हटलं, हो हो. म्हटलं, रात्री नीट सांगू. रात्री फोन केला तर तू सगळ्या गल्लीला सांगून मोकळी झालेली."

"गल्लीचं सोड रे! मला सांगायचं होतंस. दुसऱ्या दिवशी. पुढच्या महिन्यात. इतकी वर्षं मी बावळटासारखी पट्ट्या पट्ट्या करत हिंडते!" बाईंचा आवाज चढला तसा खडकावरचा एक निळ्या पायांचा पक्षी दचकून दोन पावलं मागे सरकला. "आणि लपवण्यासारखं यात होतं काय? चोरी केलीस?"

टिल्लू टोपीची कड चुरगाळत बसला.

"अजून काहीतरी आहे," बाई म्हणाल्या. "सांग."

"डॉक्टर म्हणाले होते, हे आईच्या बाजूनं येतं. आईला स्वतःला काही नसतं, पण तिच्या वडिलांना असू शकतं. तुला कळलं असतं तर तू मनाला लावून घेतलं असतंस. तू म्हणाली असतीस, माझ्यामुळे झालं."

बाई पाण्याकडे बघत राहिल्या. त्यांचे वडील. बाजारातून टोमॅटो आणायला आई त्यांना कधी पाठवायची नाही. हिरवे कच्चे घेऊन यायचे, आणि घरभर हसू व्हायचं. वेंधळे आहेत, लक्ष नसतं, म्हणून. तेही हसायचे बिचारे. त्यांना स्वतःला तरी ठाऊक होतं का?

"म्हणजे माझ्याकडून आलं," त्या हळू म्हणाल्या.

"तुझ्याकडून नाही गं. तुझ्यातून."

समोरचा पक्षी पुन्हा पुढे आला. त्याची जोडीदारीण आली होती. तो एक पाय उचलायचा, दाखवायचा, ठेवायचा, मग दुसरा. नव्या चपला दाखवणाऱ्या पोरासारखा.

"हा निळा मला अख्खा दिसतो," टिल्लू म्हणाला. "तुला दिसतो तेवढाच." मग जरा थांबून, "खरं सांगू? पहिलं वर्षभर फार वाईट वाटलं. मग वाटेनासं झालं. मला हे काम आवडतं, आई. पाण्याची उसळी येताना दिसली की ती कुठे फुटणार ते मला आतून कळतं. म्हातारी माणसं घाबरत होडीत उतरतात आणि परत येताना लहान मुलांसारखी बडबडत असतात. मला दुसरं काही नकोय. फक्त तुला सांगायचं राहून गेलं, आणि मग घरी यायचं धाडसच होईना. कुणीतरी गल्लीत विचारायचा, काय साहेब?"

बाईंना त्याच्या पाठीवर हात ठेवावासा वाटत होता आणि एक रपाटाही घालावासा वाटत होता. दोन्हीपैकी काही करायच्या आत खडकांवरून गाइडची शिट्टी ऐकू आली. मंडळी परत येत होती.

"आता सांगून टाकू सगळ्यांना," बाई म्हणाल्या.

"नको. कप्तानांना मी सांगितलंय की घरी सगळं माहीत आहे. त्यांना काय वाटेल? ही सफर संपू दे." आणि उठून उभा राहत त्याने टोपी चढवली. "सावकाश या, मंडळी. एकेक जण."

बाई गप्प बसल्या. पण त्या दिवशी त्या कुणाशी धड बोलल्या नाहीत. त्याला आवडतं काम मिळालं, तो सुखात आहे, आणि ते सुख त्याने आपल्यापासून चोरून ठेवलं, हे त्यांना खोट्या पट्ट्यांपेक्षाही जास्त लागलं होतं.

पुढच्या बेटावर वाळूचा किनारा नव्हता. पाण्यातून वर आलेली खडकाची एक पायरी होती, शेवाळाने निसरडी. तिथे उतरायची रीत अशी की होडीवाला इंजिनाच्या जोराने होडीचं नाक खडकाला टेकवून धरतो, गाइड आधी उडी मारून वर उभी राहते आणि एकेकाला ओढून घेते. सकाळपासून समुद्र जरा फुगलेला होता. चारपाच जण नीट उतरले. डॉक्टरीणबाई उतरल्या. बाईंनी एक पाय खडकावर ठेवला, आणि इतका वेळ दगडासारखा दगड समजून सगळे ज्याच्याजवळून गेले होते तो थोराड समुद्रसिंह एकदम मान उंचावून भुंकला.

डॉक्टरीणबाई किंचाळून मागे सरकल्या, त्या थेट बाईंवर. गाइडच्या हातातून बाईंची बोटं निसटली. पुढच्या क्षणी बाई खडक आणि होडी यांच्या मधल्या फटीत, पाण्यात होत्या.

पाणी बर्फासारखं. लाइफ जॅकेटने त्यांना वर आणलं तसा त्यांनी खडक कवटाळला. मागे होडी होती, आणि समुद्र फुगून येत होता. ती उसळी होडीला खडकावर आपटणार आणि मधे आपण, हे त्यांना लख्ख कळलं.

"टिल्लू!" त्या ओरडल्या. चार गल्ल्या ऐकू जाईल अशा.

आणि टिल्लूने होडी मागे घेतली. इंजिन गुरगुरलं आणि होडी सरसर मागे, त्यांच्यापासून लांब लांब गेली. बाईंना क्षणभर काही समजेना. पोरगं आपल्याला सोडून चाललं?

"आई! खडक सोड!"

"काय?"

"सोड तो खडक! पायाने ढकल आणि पाठीवर पड! बाहेर ये, माझ्याकडे!"

आयुष्यभर बाईंनी लोकांना हुकूम दिले होते. कुणाचा ऐकायची वेळ क्वचितच आली होती. शिवाय खडक हातात होता, घट्ट होता, आणि तो सोडून उघड्या पाण्यात जायचं हे शहाणपणाचं मुळीच दिसत नव्हतं.

"आई, ऐक माझं! उसळी येतेय! सोड!"

बाईंनी डोळे मिटले, दोन्ही पायांनी खडकाला रेटा दिला आणि सोडलं.

उसळी त्यांच्याखालून गेली. त्यांना अलगद उचलून तिने खाली ठेवलं आणि मग त्या खडकावर ती अशी फुटली की वर उभी असलेली माणसं नखशिखांत भिजली. बाई पाठीवर तरंगत आभाळाकडे बघत होत्या. शेजारून समुद्रसिंहाचं एक पिल्लू डोकं काढून त्यांच्याकडे बघत गेलं. मग इंजिन बंद झाल्याची शांतता, रबराचा स्पर्श, आणि जॅकेटच्या पट्ट्यांना धरून टिल्लूने त्यांना एका दमात आत ओढून घेतलं, जाळ्यातला मासा घ्यावा तसं.

"लागलं का? आई, लागलं कुठे?" तो त्यांचे हातपाय चाचपत होता. बाईंची काळी पँट नडगीवर फाटली होती. त्याने गाइडला ओरडून विचारलं, "रक्त आहे का बघ गं इथे! मला कळत नाही!"

"आहे, पण थोडं!" गाइड वरून ओरडली. सगळी मंडळी खडकाच्या काठावर येऊन उभी होती.

"थोडं म्हणजे किती?"

"अरे थोडं म्हणजे थोडं," बाई दात वाजत असताना म्हणाल्या. "खरचटलंय. रडतोस काय घोड्या?"

"मी कुठे रडतोय? खारं पाणी आहे."

"आई?" डॉक्टरीणबाईंनी खडकावरून विचारलं. "तो तुम्हाला आई म्हणाला का?"

"आई नाही तर काय मॅडम म्हणणार?" बाई म्हणाल्या, आणि त्यांना जे हसू फुटलं ते केव्हा रडणं झालं, त्यांचं त्यांना कळलं नाही. टिल्लूने त्यांना जवळ घेतलं. होडी जागच्या जागी डुलत राहिली.

केबिनमध्ये डॉक्टरीणबाईंनी त्यांची जखम धुऊन पट्टी बांधली. "सगळी वर्षं लोकांच्या तोंडात वाकून काढली, आज पहिल्यांदा पाय बघतेय," त्या म्हणाल्या. मग लटक्या रागाने, "आणि तुम्ही हो? माझ्या शेजारच्या पलंगावर घोरता, आणि पोटातलं एक अक्षर सांगत नाही! मी त्या पोराला खेकड्यांचे रंग विचारत बसले."

दारावर टकटक झाली. कप्तान आला होता. बाई उठायला लागल्या तसं त्याने हातानेच बसा म्हटलं आणि स्वतः उभाच राहिला.

"मी वरून बघत होतो," तो म्हणाला. "आई पाण्यात आहे आणि होडी मागे घ्यायची. माझ्याच्याने झालं असतं की नाही, सांगता येत नाही. पुढे झेपावला असता तर..." त्याने वाक्य तिथेच सोडलं.

"त्याचं डोळ्यांचं तुम्हाला माहीत आहे?" बाईंनी विचारलं.

"सगळ्या बोटीला माहीत आहे. रंगीत दोऱ्या त्याला ओळखू येत नाहीत म्हणून आमच्याकडे त्यांना गाठी मारून ठेवतात. एक गाठ, दोन गाठी. आता तर बाकीचेसुद्धा गाठीच बघतात." मग त्यांच्या चेहऱ्याकडे बघत तो जरा थांबला. "तुम्हाला माहीत नव्हतं?"

बाईंनी मान हलवली. कप्तानाने मिशीवरून हात फिरवला. "माझी मुलगी मला काय काय सांगत नसेल, असं आता मनात आलं बघा," एवढंच म्हणून तो गेला.

बाई भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. परक्या माणसांनी आपल्या लेकरासाठी दोऱ्यांना गाठी मारल्या होत्या. आपल्याला ठाऊक असतं तर आपण काय केलं असतं? आरडाओरडा, दुसरीतिसरी तपासणी, चार डॉक्टर. गाठ मारायचं बहुधा सुचलंच नसतं. याचं वाईट वाटावं की बरं, त्याचा विचार करता करता त्यांना गाढ झोप लागली.

उरलेले दिवस टिल्लूला प्रवाशांच्या टेबलावर जेवायची कप्तानाने परवानगी दिली. पहिल्या दिवशी तो इतका अवघडून बसला की सूप सांडलं. डॉक्टरीणबाईंनी त्याला तोंड उघडायला लावून अक्कलदाढ तपासली. बाई लंगडत का होईना, प्रत्येक बेटावर उतरल्या. एका बेटावर टेबलाएवढं कासव गवत खात होतं. बाई त्याच्यापुढे इतका वेळ उभ्या राहिल्या की गाइडला हाका माराव्या लागल्या. "घाई म्हणून नाहीच याला कसली," त्या टिल्लूला येऊन म्हणाल्या. "माझ्याकडे शिकायला आलं असतं तर मी वेडी झाले असते."

सफर संपली. बंदरावर उतरल्याबरोबर बाईंनी क्लासमधल्या मुलीला फोन लावला.

"ऐक. आमचा टिल्लू अधिकारी नाही. होडी चालवतो."

"स्वतः चालवतो? समुद्रात?"

"नाहीतर काय तळ्यात? आणि कुणी विचारलं तर सांगायचं. नाही विचारलं तरी सांग."

मग त्या टिल्लूची खोली बघायला गेल्या. रंगाच्या दुकानावरची एकच खोली होती. खाट, खिडकी, खिळ्यांवर टांगलेले कपडे. शर्टांचे सगळे रंग निळे. बाईंनी बोट फिरवून धूळ बघितली, गादी उलटी केली, खिडकीची कडी ढिली आहे म्हणून दुकानातून पेचकस मागून आणला. टिल्लू हसत बघत राहिला. दोन रात्री त्या खाटेवर झोपल्या आणि तो जमिनीवर, लहानपणी त्याला ताप आला की त्या झोपायच्या तसा, खाटेला हात लावून.

निघायच्या दिवशी विमानतळाच्या बसथांब्यावर बाकडं एकच होतं, आणि त्यावर एक समुद्रसिंहीण आडवी पसरून झोपली होती. बाकाच्या उरलेल्या कोपऱ्यात एक म्हातारबाबा अंग चोरून पेपर वाचत होते.

"हिला उठवता येत नाही का?"

"नाही," टिल्लू म्हणाला. "इथे तो नियमच आहे. त्यांना वाटलं तर उठतात."

"मग आपण उभंच राहायचं?"

"उभंच राहायचं."

बाईंनी बॅग खाली ठेवली आणि त्याच्या दंडाला धरलं. दुखऱ्या पायावरचं वजन त्याच्यावर टाकलं. "पाऊस संपला की सीझन संपतो म्हणालास ना?"

"हो. येईन तेव्हा. महिनाभर राहीन."

"हा मागच्यासारखा 'हो हो' नाही ना?"

"नाही गं."

समुद्रसिंहिणीने झोपेत कूस बदलली आणि तिचा ओला पंजा म्हातारबाबांच्या पेपरावर पडला. त्यांनी वर पाहिलं, उसासा टाकला, आणि दिसत होता तेवढा अर्धाच कागद पुढे वाचू लागले. बाईंना हसू आवरेना. टिल्लूलाही. लांब वळणावर बसची धूळ दिसत होती, आणि दोघं एकमेकांना धरून हसत उभे होते.